दान्तेच्या नरकातला सरदार-कवी : बर्त्रां द बॉर्न खरोखर किती दोषी होता?

दादरकर (मूळ प्रश्न)

आमच्या दादरच्या वाचनगटात सध्या मध्ययुगीन इटालियन कवी दान्ते याच्या महाकाव्यातील ‘नरक’ या भागाचे वाचन चालू आहे. या महाकाव्याचे एक जुने हस्तलिखित आपल्याच मुंबईत, फोर्टातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे हे समजल्यापासून गटातील सर्वांचा उत्साह वाढला आहे. मागच्या रविवारी २८ व्या सर्गापाशी आम्ही अडखळलो. तेथे एक माणूस आपले तुटलेले मस्तक केसांना धरून कंदिलासारखे पुढे करून चालतो, आणि बापलेकांना एकमेकांवर उठवल्यामुळे आपली ही गत झाली, असे सांगतो. बायबलातील दावीद राजा, त्याचा मुलगा अबशालोम आणि त्याला चिथावणारा अहिथोफेल यांचा दाखलाही तो स्वतःच देतो. हा माणूस म्हणजे १२ व्या शतकातील फ्रेंच सरदार आणि ट्रूबादूर (म्हणजे दक्षिण फ्रान्समधील दरबारी गीतकार) कवी बर्त्रां द बॉर्न.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि त्याचा मुलगा यांच्यात एका लहानशा गढीच्या मालकाने नुसत्या गाण्यांच्या बळावर युद्ध पेटवले, हे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया त्याच्या आयुष्याविषयी सांगावे.

जुनी वही

आपली शंका रास्त आहे. बर्त्रां हा नैऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर प्रांतातील ओतफोर येथील किल्ल्याचा धनी होता. किल्ल्यावर त्याचा भाऊ कॉन्स्तांतँ याचाही हक्क होता आणि दोघांचे त्यावरून हाडवैर होते. भावाला हुसकावून किल्ला एकट्याच्या ताब्यात ठेवायचा, ही त्याची आयुष्यभराची खटपट होती. त्याच्या राजकारणाचे मूळ मला तरी या भाऊबंदकीतच दिसते, कारण भावाच्या पाठीशी दुसऱ्या हेन्रीचाच एक मुलगा, अ‍ॅक्विटेन प्रांताचा ड्यूक रिचर्ड, उभा राहिल्यावर रिचर्डच्या शत्रूंच्या गोटात जाण्यावाचून त्याला दुसरी वाट उरली नाही.

आता युद्धाविषयी. हेन्रीने थोरल्या मुलाला, म्हणजे धाकट्या हेन्रीला, स्वतःच्या हयातीतच ११७० मध्ये राज्याभिषेक करविला, परंतु राज्यकारभार आणि मुलूख स्वतःच्या मुठीत ठेवला. त्या रागातून ११७३ मध्येच मुलांनी पहिले बंड केले होते. बर्त्रांच्या ज्या गाण्यांचा काळ निश्चित करता येतो ती ११८० च्या दशकापासूनची आहेत. म्हणजे आग लागली तेव्हा हा कवी जवळपासही नव्हता. ११८३ च्या दुसऱ्या बंडात मात्र तो उघडपणे धाकट्या राजाच्या बाजूने उतरला. रिचर्डने क्लेर्व्हो येथे बांधलेल्या गढीवरून भावाभावांत वाद होता, त्या गढीचा उल्लेख त्याने गाण्यात मुद्दाम करून धाकट्या राजाला डिवचले. त्याने तेल ओतले हे खरे, पण सरपण आधीच रचलेले होते.

११ जून ११८३ रोजी धाकटा हेन्री मार्तेल येथे आजाराने मरण पावला आणि बंड कोसळले. त्याच्या मृत्यूवर बर्त्रांने रचलेले विलापगीत आजही उपलब्ध आहे. जुलैमध्ये रिचर्ड आणि अरागॉनचा राजा दुसरा अल्फोन्सो यांनी ओतफोर जिंकून घेतले, परंतु पुढे हेन्रीने किल्ला बर्त्रांला परत केला. याविषयीची एक कथा प्रसिद्ध आहे. आपल्याला निम्म्याहून अधिक बुद्धी कधी वापरावीच लागत नाही, अशी बर्त्रांची बढाई होती. आज सगळी लागेल, असे राजाने सुनावले, तेव्हा तुमचा मुलगा गेला त्या दिवशी माझी सारी बुद्धी गेली, असे त्याने उत्तर दिले आणि बापाच्या डोळ्यांत पाणी आले.

पोवाडा

‘जुनी वही’ यांनी शेवटी सांगितलेली कथा हृद्य आहे, परंतु ती गाण्यांना जोडलेल्या गद्य टिपणांमधून आली आहे, आणि ती टिपणे बर्त्रांच्या नंतर, १३ व्या शतकात लिहिली गेली. आपल्याकडे बखर आणि समकालीन पत्र यांत जो फरक करतात तोच येथेही केला पाहिजे. बापलेकांत सदैव युद्ध असावे अशी याची इच्छा असे, हे वाक्यही त्याच्या अशाच एका छोटेखानी चरित्रात आहे. दान्तेपर्यंत बर्त्रांची जी प्रतिमा पोचली तिच्यावर या चरित्रांची छाया आहे.

दुसरा मुद्दा माझ्या आवडीचा आहे. अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचणारा अज्ञानदास हा शाहीर होता, सरदार नव्हता. बर्त्रां मात्र स्वतःच घोड्यावर बसून लढणारा होता, आणि त्याच्या गाण्यांत पापिओल नावाच्या गायकाला निरोप पोचवण्याची आज्ञा येते. रचना सरदाराची, गळा दुसऱ्याचा. राजकीय टीकेच्या अशा गीताला ‘सिर्वेन्तेस’ म्हणत आणि ते बहुधा लोकांच्या कानावर असलेल्या चालीवर रचत, त्यामुळे ते वेगाने पसरत असावे. रिचर्डला त्याने ‘होय-आणि-नाही’ असे टोपणनाव दिले होते. कोणी त्याचा अर्थ धरसोड करणारा असा लावतात, तर कोणी एका शब्दात निकाल देणारा असा.

दादरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग दान्तेने त्याला नरकात टाकले हा अन्यायच म्हणायचा का?

जुनी वही

मी तसे म्हणणार नाही. लॅटिनमध्ये काव्यभाषेवर लिहिताना याच दान्तेने शस्त्रकाव्याचा आदर्श म्हणून बर्त्रांचे नाव घेतले आहे, आणि अन्यत्र त्याच्या औदार्याची स्तुती केली आहे. म्हणजे कवी म्हणून त्याचा मान दान्तेने राखला होता. पण बर्त्रांचे एक गीत वाचताना मला अस्वस्थ वाटते. आता युद्ध येईल, सावकारांची संपत्ती लुटली जाईल, ओझ्याचे जनावर दिवसाही रस्त्याने निर्धास्त जाणार नाही, फ्रान्सहून येणारा व्यापारी भीतीने चालेल आणि जो हात मारील तो श्रीमंत होईल, असे तो त्यात आनंदाने सांगतो. बापलेकांच्या भांडणाचा दोष त्याच्यावर पुरता लागत नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा विचार केला, तर त्याला निर्दोष म्हणणे मला जमत नाही. आयुष्याच्या अखेरीस तो दालों येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठात संन्यासी झाला आणि १२१५ पूर्वी वारला.