चवथीच्या आरत्यांचा क्रम कसा लावायचा? पोरीचा कोडिंगचा प्रोजेक्ट आहे

डिचोलीचा_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, शाळेत गोवा सरकारच्या केअर्स योजनेतलं कोडिंग असतं, त्यात बाईंनी सांगितलंय की घरातला नाहीतर वाड्यावरचा एक खरा प्रॉब्लेम घ्या आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंगने, म्हणजे प्रॉब्लेमचे छोटे भाग पाडून पायरी-पायरीने सोडवा, कॉम्प्युटर नाही वापरला तरी चालेल. पोरीने घेतल्यात चवथीच्या आरत्या. आमच्या वाड्यावर १४ घरांत गणपती, बहुतेकांचे दीड दिवसाचे, म्हणजे पहिल्याच रात्री सगळी घरं व्हायला हवीत. घुमट, शामेळ, कासाळं ही वाद्यं घेऊन सगळा वाडा घरोघर फिरतो, सातला देवळाकडच्या घरी सुरुवात आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत दीड वाजून जातो, पोरं आडवी झालेली, म्हणणाऱ्यांचे गळे बसलेले. शेवटचं घर कोणाचं ते सांगायला नकोच. तिने वाड्याचा नकाशा काढलाय आणि सगळ्यात कमी चालायचा रस्ता शोधतेय, मी म्हटलं एकेक क्रम लिहून बघ, तर वही संपत आली पण क्रम काही संपत नाहीत. काही युक्ती आहे का?

वेर्णा_नाईट_शिफ्ट:
संपणारच नाहीत हो 😄 १४ घरांचे क्रम ८७१७ कोटींच्या वर जातात, सेकंदाला एक लिहिला तरी पावणेतीन हजार वर्षं लागतील. पहिलं घर पक्कं धरलं तरी ६२२ कोटी उरतातच. पण मला विचाराल तर रस्ता हा प्रॉब्लेमच नाही. वाड्यावरची घरं ती, एका घरातून दुसऱ्या घरी जायला समजा ४ मिनिटं, आणि एका घरात आरती, गाऱ्हाणं, प्रसाद सगळं धरून २५. म्हणजे घरांत गेली ३५० मिनिटं आणि चालण्यात फक्त ५२. आता पोरीने रस्ता अगदी अर्ध्यावर आणला तरी वाचली २६ मिनिटं, आणि घरामागे नुसती ५ मिनिटं कमी केली तर ७०. कॉम्प्युटरवाल्यांत हा अमडाहलचा नियम म्हणतात, १९६७ चा आहे, जो भाग मुळातच छोटा तो कितीही फास्ट करा, एकूण वेळेत फारसा फरक पडत नाही.
माझे आकडे अंदाजाचे आहेत, तिला खरे काढू दे. गेल्या चवथीला वाड्याच्या ग्रूपवर आरत्यांचे व्हिडिओ पडले असतीलच, कुठलं घर किती वाजता ते त्यावरून कळेल, अर्धा प्रोजेक्ट तिथेच झाला.

म्हापसेकर८८:
एवढं कशाला, दोन ताफे करा, ७-७ घरं वाटून घ्या, साडेदहाला सगळे मोकळे.

फोंडा_घुमट:
आणि शामेळवाल्याला मधोमध कापा!! आमच्या वाड्यावर शामेळ धड वाजवणारा एकच आहे, तुमच्याकडेही दोन नसतील. कागदावर दोन ताफे होतात, प्रत्यक्षात एका ताफ्यात घुमट दणाणतं आणि दुसऱ्यात टाळ्या वाजवत आरती. आणि लवकर मोकळं होऊन करायचं काय, त्या रात्री कोणाला घाई असते? सगळे एकत्र असतात म्हणून तर मजा. बाबा, तुमची तक्रार उशिराची नाहीच मुळी, दरवर्षी तुमच्याच घराला उशीर होतो ही आहे. पोरीला आधी ते नीट लिहायला सांगा.

सत्तरीची_मावशी:
वेळ कुठे जातो ते मी सांगते, प्रसादात. आरती संपली की प्रत्येक घरी ताटं मांडायची, पन्नास माणसांना बसवायचं, पंचखाद्य, करंज्या, वर चहा, आणि पुढच्या घरची बाई दारात उभी राहून वाट बघतेय. आमच्याकडे आता आरती चालू असतानाच पुड्या बांधून ठेवतो, निघताना हातात. चहा फक्त मधल्या एका घरी, कोणाकडे ते आधीच ठरतं.
बाकी हे सगळं बायका कधीपासून करतात, त्याला कोडिंग म्हणतात हे आता कळलं 😀 चवथीला मिक्सर एक आणि वाटायचं ढीगभर, तर आधी मणगण्याचा (गोड खिरीचा) नारळाचा रस काढायचा आणि मग खतखत्याचं (तिखट मिक्स भाजीचं) वाटप, उलटं केलं तर मधे भांडं घासत बसा, एवढं करून मणगण्याला मिरचीचा वास राहतोच.

वेर्णा_नाईट_शिफ्ट:
मावशी, फॅक्टरीत रंगाच्या कामात हेच करतात, फिकट आधी गडद नंतर, मधली धुलाई वाचते. आम्हाला त्याचं ट्रेनिंग देतात.

माजी_गणित_मास्तर:
फोंड्याच्या भावाने बरोबर पकडलंय. ही कॉम्प्युटेशनल थिंकिंगची चर्चा गाजली ती जॅनेट विंग यांच्या २००६ च्या लेखाने, त्यात त्यांचं म्हणणं की लिहिणं, वाचणं, गणित यांच्यासारखंच हे प्रत्येकाला यावं, नुसत्या प्रोग्रॅमरला नव्हे. शाळेत मात्र त्याच्या चार पायऱ्या पाठ करून घेतात आणि नेमकं काय सोडवायचंय हे ठरवायला कोणी शिकवत नाही.
आता तुमचं. चालणं नगण्य ठरलं, तर नकाशा बाजूला ठेवा, घरांना रांगेने १ ते १४ नंबर द्या, क्रम गोल फिरता ठेवा आणि दरवर्षी सुरुवातीचं घर बदला. सगळे म्हणतील एकेका घराने पुढे सरका. तसं नको, कारण यंदा जो चौदावा तो पुढच्या वर्षी तेरावा, मग बारावा, म्हणजे बिचारा चार-पाच वर्षं अर्ध्या रात्रीच. पाच-पाच घरांनी सरका. यंदा चौदावा, पुढच्या वर्षी नववा, मग चौथा. १४ वर्षांत प्रत्येक घर बरोबर एकदाच शेवटी येतं. चारने सरकलात तर फसाल, ४ आणि १४ दोन्ही सम, त्यामुळे अर्धी घरं कधीच शेवटी येत नाहीत आणि उरलेली सात दर सात वर्षांनी येतात, भांडण ठरलेलं. ५ आणि १४ ला १ सोडून सामाईक अवयव नाही म्हणून जमतं. मसावि सहावी-सातवीत येतोच, पोरीला स्वतः मांडून बघू दे, तुम्ही सांगू नका.

म्हापसेकर८८:
आणि दोघे भाऊ वेगळे होऊन गणपती १५ झाले की?

माजी_गणित_मास्तर:
मग ५ बाद, १५ ला भाग जातो. तेव्हा ४ घ्यायचे. घर वाढलं नाहीतर सुतकामुळे त्या वर्षी गळलं की आकडा परत तपासायचा, हेही प्रोजेक्टमध्ये लिहायला सांगा, बाईंना आवडेल.

डिचोलीचा_बाबा:
मास्तर, पोरीने आताच बटाट्याच्या चकत्या गोल मांडून बघितलं, चारने खरंच सात घरं सुटतात, हसत सुटली. एकच अडचण, वरच्या घरातल्या आजी ९० च्या पुढच्या, त्यांची आरती नऊच्या आत व्हायलाच हवी, त्यांना फिरवता येणार नाही.

माजी_गणित_मास्तर:
मग आजींचं घर चौथं म्हणून पक्कं करा आणि उरलेली १३ फिरवा. १३ मूळ संख्या, ५ नेच सरका, काही बिघडत नाही. पहिल्या वर्षीचं पहिलं घर मात्र देवळात चिठ्ठी टाकून काढा, नाहीतर म्हणतील बाबाने पोरीकडून स्वतःचं घर पुढे काढून घेतलं.