आजीचे माहेरचे नाव नातीला ठेवावे का, आणि ठेवल्यास ते इंग्रजीत कसे लिहावे?

पाळणा (पुणे) – प्रश्न

आमच्या मुलीचा जन्म तीन आठवड्यांपूर्वी झाला. बारावा दिवस रुग्णालयातच गेल्यामुळे बारसे पुढच्या महिन्यात करायचे ठरले आहे आणि तोपर्यंत नावाचा निर्णय व्हायला हवा.

माझ्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांचे माहेर वाईचे आणि त्यांचे माहेरचे नाव नदीवरून ठेवलेले, कृष्णा. 1978 साली लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुशीला हे नाव लिहिले गेले आणि त्यानंतर शिधापत्रिकेपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत त्या सुशीलाच राहिल्या. मागच्या दिवाळीआधी माळा आवरताना एक पितळी डबा सापडला. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'चि. कृष्णा हिस मामांकडून' एवढेच घातलेले होते. माझ्या यजमानांनी ते दोनदा वाचले. आईचे माहेरचे नाव त्यांना ऐकून ठाऊक होते, पण ते कोठे लिहिलेले त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले. मुलगी झाली तर कृष्णा, हे आम्हा दोघांच्या मनात तेव्हापासून आहे.

अडचणी तीन आहेत. नाव ठेवण्याचा मान माझ्या नणंदेचा, आणि वन्संना कियारा हे नाव आवडले आहे. कृष्णा हे इंग्रजीत लिहिले की सगळे मुलाचे नाव समजतील, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. चुलत सासरे म्हणतात, या घरात वहिनी सुशीला म्हणून वावरल्या, तेव्हा त्यांचेच नाव चालवायचे तर सुशीला चालवा. तिसरी अडचण अक्षराची आहे. मुलीचे नक्षत्र आर्द्रा, चरण तिसरा, आणि पंचांगात त्या चरणाला 'ङ' हे अक्षर दिलेले आहे. त्यातच एका अंकशास्त्र्यांनी कोणतेही नाव ठेवले तरी इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन अक्षरे वाढवण्यास सुचवले आहे. ज्यांनी अशा निर्णयातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षिका (सातारा) – उत्तर

तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या शाळेचा हजेरीपट आठवला. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत मी 31 वर्षे नावे पुकारली, त्यामुळे या विषयावर मला थोडे अधिक लिहावेसे वाटते.

घरातले नाव पुन्हा ठेवण्याची रीत आपल्याकडे पक्की आहे, पण ती मुलग्यांपुरती. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव कनकगिरी येथे मारल्या गेलेल्या त्यांच्या थोरल्या चुलत्यांवरून ठेवलेले. संभाजी महाराजांच्या मुलाचे नाव आजोबांवरून शिवाजी, जे पुढे शाहू या नावाने गादीवर बसले. आणि पेशव्यांच्या घरी बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजी, ज्याला सारा महाराष्ट्र नानासाहेब म्हणून ओळखतो. सासऱ्यांचे नाव सुनेने तोंडी घ्यायचे नाही, मग त्याच नावाच्या स्वतःच्या मुलाला तिने हाक तरी कशी मारायची? नाना, बापू, दादा, अप्पा ही हाकेची नावे बऱ्याच घरांत त्या अडचणीतून रुळली. मुलींच्या बाबतीत ही साखळी जुळूच शकली नाही, कारण आजीचे जन्माचे नाव सासरी कोणी उच्चारत नसे आणि सासरचे नाव तिचे तिलाच उसने वाटत असे. तुमच्या चुलत सासऱ्यांचा मुद्दा आदराने ऐकावा, तरीही माझे मत स्पष्ट आहे: सुशीला हे नाव त्यांना या घराने दिले होते, कृष्णा हे त्यांचे स्वतःचे होते. नातीला द्यायचे ते आजीचे स्वतःचे द्यावे.

आमच्याच जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या मुली मी वर्गात शिकवल्या आहेत. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेले ते नाव रोज सकाळी मोठ्याने पुकारताना मला होणारा त्रास मी कधी विसरलेले नाही. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात सरकारी समारंभात अशा 280 हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. ज्या भागात मुलीच्या नावाची अशी हेळसांड झाली, तेथे कोणी आजीचे पुसले गेलेले नाव शोधून काढून नातीला देऊ पाहत असेल, तर त्याला अक्षराची आडकाठी होऊ नये असे मला मनापासून वाटते.

अक्षराचे सांगायचे तर सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून 108 अक्षरे होतात, आणि त्यांत 'ङ', 'ण' अशी अक्षरे आहेत ज्यांवरून मराठीत नाव सुरूच होत नाही. म्हणून तर पत्रिकेतले जन्मनाव वेगळे आणि व्यवहारातले नाव वेगळे, अशी सोय जुन्या मंडळींनी आधीच करून ठेवलेली आहे. जन्मनाव गुरुजींना ठरवू द्या.

नोंदवही (ठाणे) – उत्तर

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात बरीच वर्षे होतो, म्हणून कायद्याची बाजू लिहितो. 1969 च्या कायद्यानुसार जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, पण त्या वेळी नाव दिलेच पाहिजे असे नाही. नावाविना नोंद झालेली असली तर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. घाई करून रुग्णालयाच्या अर्जावर 'सध्या हे लिहू, नंतर बघू' असे म्हणणारे पालक मी पुष्कळ पाहिले. रिकामी जागा भरणे सोपे असते, भरलेली बदलणे अवघड. तुमच्या नोंदीत नाव अजून घातलेले नसेल तर बारशापर्यंत निर्धास्त राहा.

दाखल्याचे वजन आता पूर्वीपेक्षा वाढले आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी किंवा पुढे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचे शासकीय कागदपत्रांवरील नाव स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. त्यामुळे तुमच्या मुलीच्या नावात तुमचेही नाव येईल आणि इंग्रजीतली चार नावे एका ओळीत बसवावी लागतील. अशा ठिकाणी वाढवलेले प्रत्येक अक्षर पुढे कोणत्या तरी अर्जात गळते. माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या नावात अंकशास्त्रासाठी एक जादा 'ए' आणि एक जादा 'एच' घातले होते. शाळेच्या दाखल्यावर त्यांतला एक राहिला, आधारवर दोन्ही गळले, आणि पारपत्राच्या वेळी राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन सगळे एकसारखे करून घ्यावे लागले. आधी देवनागरी नक्की करा, मराठी रकाना स्वतःच्या हाताने भरा, आणि दाखला हातात पडल्यावर 'ष्ण' आणि शेवटचा काना तपासल्याखेरीज खिडकीपासून हलू नका.

इझारकाठ (म्युनिक) – उत्तर

स्पेलिंगविषयी परदेशातला अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. मराठीत आपण 'ऋ' चा उच्चार 'रु' कडे झुकवतो, म्हणून आपल्याकडे ऋतुजा, अमृता, कृतिका ही नावे इंग्रजीत 'यू' घालून लिहिण्याचा प्रघात आहे, तर हिंदी भाषक तेथे 'आय' घालतात. तुम्ही 'के-आर-यू-एस-एच-एन-ए' असे लिहिलेत तर ते मराठी घरातले नाव आहे हे ओळखू येईल, आणि 'आय' घालून लिहिलेल्या पुरुषनामापासून ते डोळ्यांनाही वेगळे दिसेल. वन्संच्या आक्षेपाला यात निदान अर्धे उत्तर आहे. जर्मन मंडळी 'यू' हे अक्षर नेहमी 'उ' असेच वाचतात, त्यामुळे येथे तर हे स्पेलिंग आपल्या उच्चाराच्या अधिक जवळ जाते.

अक्षरे दुप्पट करण्याविषयी मात्र सावध करतो. येथे दोन 'ई' आले की दीर्घ 'ए' वाचतात आणि दोन 'ओ' आले की दीर्घ 'ओ'. आमच्या ओळखीच्या एका श्रीला बालवाडीत पहिले काही महिने सगळे 'श्रे' म्हणत असत आणि ते लेकरू हाकेला वळत नसे. दुप्पट केलेले अक्षर उच्चार स्पष्ट करते ही समजूत इंग्रजी वाचणाऱ्यापुरतीच खरी आहे.

नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे का, यावर येथे न्यायालयीन निकालही आहे. 'किरण' या नावावरून लिंगबोध होत नाही म्हणून एका मुलीचे ते नाव नोंदवण्यास नोंदणी कार्यालयाने नकार दिला होता, आणि 5 डिसेंबर 2008 रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या किरणची ही गोष्ट मी येथल्या प्रत्येक नव्या आईबाबांना सांगतो.

दोन भाच्यांची आत्या (कोल्हापूर) – उत्तर

वरील उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी नणंदेची बाजूही कोणी मांडायला हवी. नवे नाव आवडणे हा काही अपराध नाही. गोदावरी, भागीरथी, यमुना या पिढीच्या कानांना स्मिता आणि नीलिमा हीदेखील एके काळी नवखीच वाटली असतील. कियारा हे मुळात इटालियन नाव असून त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ असा आहे, म्हणजे अर्थाने ते गोडच आहे. माझा आक्षेप आहे तो नावांच्या याद्यांत छापलेल्या बनावट अर्थांना. आरव म्हणजे 'शांत' असे तेथे सर्रास लिहिलेले असते, तर संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरड. रेयांशमधला 'रे' हा इंग्रजीतला किरण आहे आणि 'अंश' संस्कृतातला. ज्यांना आवडते त्यांनी खुशाल ठेवावे, पण ते प्राचीन नाव म्हणून मुलाला सांगू नये.

नदीच्या नावाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असे सांगितले आहे. महाराष्ट्राने ते कधी मनावर घेतले नाही आणि घरोघरी नद्यांची नावे पाळण्यात घातली. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर नदीला देवी मानून पूजतात, त्या गावच्या मुलीचे कृष्णा हे नाव पुरुषाचे आहे असे तेथे कोणालाही वाटणार नाही. द्रौपदीचेही ते नाव आहे.

वन्संना मात्र निर्णय कळवू नका, विचारा. नाव कानात त्याच सांगणार आहेत. सुशीला ही त्यांचीही आई होती, आणि डबा त्यांनी पाहिला आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही.

पाळणा (पुणे) – पुन्हा

आत्याबाईंचे शेवटचे वाक्य वाचून मी थांबले. डबा आम्ही वन्संना दाखवलेलाच नव्हता. माळ्यावरून उतरवून तो आम्ही आमच्याच कपाटात ठेवला होता आणि त्यांच्याशी बोलताना नावाचे फायदेतोटेच तेवढे सांगत राहिलो होतो.

काल त्या घरी आल्या. डबा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मामा तिला कृष्णाक्का म्हणायचे, ते मला आठवते आहे. कियारा हे नाव त्यांनी स्वतःहून मागे घेतले. घरात हाक मारायला मात्र 'किया' म्हणेन, असे त्यांनी बजावून सांगितले आहे आणि ते आम्हाला मान्य आहे, कारण कृष्णापासूनही किया होऊ शकते. चुलत सासऱ्यांशी सासरे स्वतः बोलणार आहेत.

जन्मनाव गुरुजी ठरवतील. स्पेलिंग 'यू' घालून, कोणतेही अक्षर न वाढवता लिहायचे ठरले आहे, आणि अर्ज बारशानंतरच्या सोमवारी भरायचा आहे. बारशाच्या घुगऱ्या त्याच डब्यात भरायच्या म्हणून सासऱ्यांनी आज सकाळी चिंच लावून तो घासायला घेतला आहे.