चर्चा : महाभारतातला सज्जन नाग हा आदर्श की अपवाद?

इतवारीची लेक
आमच्याकडे नागपंचमीला चिरणं-तळणं बंद, तवा चढत नाही. पाटावर गंधानं नाग काढत होते तर भाचा विचारतो, "मावशी, याला भितो म्हणून पुजतो का?" मी ठाम नाही म्हटलं. शांतिपर्वाच्या शेवटी पद्मनाभ नाग आहे, गोमतीकाठी नैमिषारण्यात राहणारा. कोणता धर्म धरावा हे कळेना म्हणून एक ब्राह्मण त्याच्या दारी येतो. नाग गेलेला सूर्याचा रथ वाहायला. ब्राह्मण नदीकाठी उपाशी वाट पाहत बसतो. नागाचे आप्त येऊन विनवतात, काहीतरी घ्या, अतिथी उपाशी राहिला तर आमचा धर्म बुडतो. पुढे त्याची शंका फिटते ती नागाच्याच बोलण्यानं. ज्याला भितो त्याच्या दारी कोणी शिकायला जातं का?

पाचपावलीकर
ताई, गोष्ट सुंदर आहे, पण निष्कर्ष नाही पटला. हाच पद्मनाभ आधी ताठ्यात असतो, माणूस मला बोलावतो म्हणजे काय! बायको समजावते तेव्हा म्हणतो, माझा अभिमान जातिदोषानं आलेला, तुझ्या शब्दांनी जळाला. जातिदोष! हा शब्द त्याच्याच तोंडी घातला आहे. शेषनागाचंही तेच. आई कद्रू, भाऊ, सगळे सोडून तप केलं तेव्हा ब्रह्मदेव प्रसन्न. म्हणजे चांगला नाग तोच, जो आपल्या माणसांपासून तुटला. आणि जळत्या खांडववनात नागराज तक्षकाच्या बायकोनं काय वाईट केलं होतं? पोराला, अश्वसेनाला गिळून, पोटात घेऊन पळत होती. अर्जुनानं तिचं डोकं उडवलं. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षेसाठी नागपूर का निवडलं, ते त्यांच्याच भाषणात वाचा. नाग ही माणसं होती, असं ते सांगतात.

महालातले काका
विदर्भाच्या जावयाला कसं विसरता राजेहो? वणव्यातून काढणाऱ्या दमयंतीच्या नळालाच कर्कोटक नाग दहाव्या पावलावर डसतो. रूप बिघडतं, पण ते विष नळाला नाही, त्याच्या अंगात शिरून छळणाऱ्या कलीला जाळतं. तिथं डसणं हाच उपकार आहे.

इतवारीची लेक
पाचपावलीकर भाऊ, जातिदोषाचं मान्य. तो शब्द मलाही टोचतो, पुन्हा वाचला तेव्हा जास्तच टोचला. पण आस्तीक बघा. नागकन्येच्या पोटचा. जनमेजयाचं सर्पसत्र, म्हणजे साप जाळण्याचा यज्ञ, थांबवताना त्यानं चांगला कोण, वाईट कोण असं निवडलं नाही. जनमेजयाच्या बापाला, परीक्षिताला मारणारा तक्षकसुद्धा वाचला. आईचं कूळ त्यानं सोडलं नाही.

पाचपावलीकर
आस्तीक घेतला. पण अश्वसेनाच्या आईचं उत्तर राहिलंच.

इतवारीची लेक
महाभारतात नाहीच ते, तिथं तिचं नावही नाही. पण पंचमीची कहाणी आठवा. नांगराच्या फाळाखाली पिल्लं मेली, नागिणीनं शेतकऱ्याचं घर संपवलं, सासरी असलेल्या लेकीलाही डसायला गेली. ती लेक पाटावरच्या नागाला दूध-लाह्या वाहत होती. ते पाहून नागिणीनं अमृत दिलं. तिच्या रागाला कहाणीत कोणी जातिदोष म्हणत नाही. पोरं मेलेली आई आहे ती. आमच्या घरची विळी त्या दिवशी तिच्या पिल्लांसाठी आडवी पडते.