विकत घेतलेली संरक्षित गाणी आता वाजत नाहीत, काय करता येईल?

वाटसरू:
न्यू जर्सीत राहत असताना, २००५ ते २००८ या काळात, मी ऑनलाइन दुकानांतून पैसे मोजून बरीच गाणी घेतली होती. पुण्यात परतल्यावर ती जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या संगणकावर आणली. परंतु डब्ल्यूएमए (मायक्रोसॉफ्टच्या ध्वनी-स्वरूपातील) फाइली उघडताच परवाना मागितला जातो आणि तो मिळत नाही. काही फाइली एम४पी या ॲपलच्या संरक्षित प्रकारच्या आहेत, त्याही वाजत नाहीत. यांतील काही जॅझ ध्वनिमुद्रणे मला आता कोणत्याही सेवेवर सापडत नाहीत, म्हणून ती वाचवण्याचा कायदेशीर मार्ग असल्यास कृपया सांगावा.

गानवेल्हाळ:
आपल्या फाइली बहुधा खराब झालेल्या नाहीत. डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप, असलेल्या डब्ल्यूएमए फाइलीतील ध्वनी कूटबद्ध असतो आणि तो उलगडणारी किल्ली फाइलीत नसून त्या वेळच्या संगणकावर साठवलेल्या परवान्यात असते. त्यामुळे फाइलीचे नाव बदलून किंवा साध्या कन्व्हर्टरमधून काढून काहीही साधत नाही. नवा संगणक परवाना दुकानाच्या सर्व्हरकडे मागतो आणि तो सर्व्हरच बंद झालेला असतो. एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये, ऑगस्टअखेर परवाने देणे थांबवू असे जाहीर केले होते. ग्राहकांच्या संतापानंतर ही मुदत २०११ च्या अखेरीपर्यंत वाढवावी लागली. याहूच्या गाण्यांच्या दुकानाने ३० सप्टेंबर २००८ ला आपले परवाना सर्व्हर बंद केले. ज्यांनी प्रामाणिकपणे पैसे दिले त्यांचीच गाणी मुकी झाली, हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

एम४पीचे प्रकरण वेगळे आहे, कारण ॲपलची ती व्यवस्था अजून चालू आहे. ज्या खात्यावरून खरेदी झाली त्याच खात्याने संगणक अधिकृत करावा. एका खात्यावर ५ संगणकांची मर्यादा असल्याने जुने संगणक आधी वगळावे लागू शकतात. शिवाय वार्षिक वर्गणीच्या आयट्यून्स मॅच सेवेतून, दुकानात अजून उपलब्ध असलेली गाणी २५६ केबीपीएसच्या (दर सेकंदाला इतके किलोबिट; आकडा मोठा तर ध्वनी चांगला) संरक्षणमुक्त प्रतीत उतरवून घेता येतात. जुनी प्रत १२८ केबीपीएसची असल्याने यात ध्वनीचाही लाभ आहे.

कलम_६५अ:
कायद्यापुरते सांगतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ६५अ आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदल्यास २ वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मात्र कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या प्रयोजनासाठी केलेल्या कृतीला त्यातच सूट आहे, आणि कलम ५२ खाजगी वापराला वाव देते. अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए हा प्रताधिकार कायदा याहून बराच कडक आहे. तरीही कुलूप तोडणारी अनोळखी साधने उतरवू नयेत, कारण त्यांच्यासोबत घातक सॉफ्टवेअर येण्याचा धोका असतो.

वाटसरू:
आपण दोघांचेही आभार. ज्या लॅपटॉपवर ही गाणी घेतली होती तो माळ्यावर आहे आणि चार्जर लावल्यावर तो सुरू झाला. त्यावर डब्ल्यूएमए फाइली वाजत आहेत.

गानवेल्हाळ:
मग परवाने अजून त्या यंत्रावर आहेत, हे फार चांगले झाले. आता त्याला इंटरनेट जोडू नका आणि विंडोज पुन्हा टाकू नका. हे परवाने त्या यंत्राशी बांधलेले असतात आणि नव्याने विंडोज टाकताना नष्ट होतात. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये प्रत्येक फाइलीच्या गुणधर्मांत तिचे हक्क दिसतात. तेथे सीडी करण्याची परवानगी असेल, आणि दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांना ती सहसा असे, तर साधी ऑडिओ सीडी तयार करावी. डेटा सीडीवर त्याच कूटबद्ध फाइली जातात आणि सारे श्रम वाया जातात. नंतर ती सीडी नव्या संगणकावर फ्लॅक या, ध्वनीतील काहीही न गाळणाऱ्या, स्वरूपात उतरवावी. एमपीथ्री निवडल्यास आधीच दाबलेला (फाइल लहान करण्यासाठी तपशील गाळलेला) ध्वनी पुन्हा दाबला जातो आणि झांजांसारखे नाजूक आवाज अधिक खरखरीत होतात, जे जॅझमध्ये लगेच जाणवते. फ्लॅक फाइली मोठ्या होतील, पण त्यात आणखी हानी होत नाही. मासिक वर्गणीच्या सेवेतून उतरवलेल्या फाइलींना मात्र ही परवानगी नसते, त्यांवर वेळ घालवू नये.

सुरुवात जी गाणी इतरत्र मिळत नाहीत त्यांपासून करावी, कारण इतक्या जुन्या लॅपटॉपची डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह केव्हाही बंद पडू शकते.