मदत हवी आहे: १२३४५६७८९ चे मूळ अवयव हातानं कसे पाडायचे?

नमस्कार मंडळी,

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. भाची मिरजेला आठवीत आहे. तिला सरांनी सुट्टीत घातलंय: १ ते ९ ओळीनं लिहून होणाऱ्या संख्येचे मूळ अवयव पाडा. मोबाईल चालणार नाही, साधा कॅल्क्युलेटर चालेल. आता ती मामाच्या मागं लागलीय.

इथवर आलोय. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ नं भाग गेला; उरले १,३७,१७,४२१. याची बेरीज २६, म्हणजे ३ संपला. शेवटी १, त्यामुळं २ आणि ५ चा प्रश्नच नाही. ७, ११, १३ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायची युक्ती भाचीलाच ठाऊक होती (७ × ११ × १३ = १००१ म्हणून चालते म्हणे): ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. पुढं १७, १९, २३ करत शंभरापर्यंत गेलो, हाती काही नाही.

वर्गमूळ ३७०३ च्या थोडं वर येतं. तिथवरच्या मूळ संख्या पाचशेच्या वर आहेत! सगळ्यांनी भागत बसायचं? का ही मूळ संख्याच आहे?

प्रतिसाद:
मूळ नाही, सोडू नका. खालून काही सापडेना की वर्गमुळापासून वर जायचं. अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) हे भाचीला येत असेलच. ३७०४ चा वर्ग करून त्यातून तुमची संख्या वजा करा: २,१९५. पूर्ण वर्ग नाही, ४७ चा वर्ग २,२०९ होतो. आता ३७०५ घ्या: १,३७,२७,०२५ − १,३७,१७,४२१ = ९,६०४. याचं वर्गमूळ काढा. पुढचं तिला करू द्या.

ही रीत सतराव्या शतकातल्या फर्माची. पेशानं कायद्यातला माणूस, पण २,०२,७६,५१,२८१ चे अवयव त्यानं असेच पाडले होते.

धागाकर्ता:
९८! म्हणजे ३६०७ आणि ३८०३. गुणून बघितलं, बरोब्बर. दुसऱ्याच फटक्यात! पण हे दोन मूळ आहेत कशावरून?

प्रतिसाद:
६२ चा वर्ग ३,८४४, त्यामुळं ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, अठराच आहेत. कशाचाच भाग जाणार नाही. उत्तर: ३ × ३ × ३६०७ × ३८०३.

आणि हो, दरवेळी असं नशीब नसतं. दोन अवयव एकमेकांच्या जवळ होते म्हणून लगेच सापडले. उलटी संख्या घ्या, ९८७६५४३२१. ९ काढल्यावर १७ नं दोनदा भाग जातो आणि ३,७९,७२१ ही मूळ संख्या उरते. तिथं ९ काढून थेट फर्मा लावलात तर १०,४७६ पासून एकेक करत १,९०,००५ पर्यंत चढावं लागेल. म्हणून आधी तुम्ही केलंत तसं लहान मूळ संख्यांनी भागूनच बघायचं.