राजू शेट्टींची उतरण: युती बदलल्याने की एकटे राहिल्याने?

मांडणी
शिरोळच्या ऊसपट्ट्यातून पुढे आलेले, स्वाभिमानी शेतकरी संघटना आणि स्वाभिमानी पक्षाचे नेते राजू शेट्टी २००४ मध्ये आमदार झाले, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले आणि २०१९ व २०२४ मध्ये तेथेच धैर्यशील माने यांच्याकडून पराभूत झाले. माझ्या मते या उतरणीला विरोधकांच्या बळापेक्षा त्यांची स्वतःची वळणे अधिक कारणीभूत आहेत. भाजपशी जवळीक नको म्हणून त्यांनी शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांची साथ सोडली, दहा वर्षांनी त्याच भाजपच्या महायुतीत ते गेले, २०१७ मध्ये बाहेर पडले आणि २०१९ ची निवडणूक दोन्ही काँग्रेसच्या सोबतीने लढले. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ज्या कारखानदारांवर तोफ डागली, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलेला नेता बांधावरच्या माणसाला कसा पटावा?

प्रतिसाद
आपली मांडणी अर्धीच खरी आहे. ‘एक मत, एक नोट’ म्हणत लोकवर्गणीवर निवडणूक लढणाऱ्या पक्षाने दिल्लीत कोणाचाच हात धरायचा नाही, ही अपेक्षा घरबसल्या करणे सोपे असते. सत्तेची ऊब त्यांना सोडवली नाही असेही म्हणता येत नाही; २०१७ मध्ये पुण्याहून मुंबईपर्यंत आत्मक्लेश यात्रा काढून ते सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांचे जुने सहकारी सदाभाऊ खोत मंत्रिपदावर कायम राहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी कर्जमुक्ती आणि हमीभाव यांविषयी दोन खासगी विधेयके लोकसभेत मांडली. ती मंजूर होणार नव्हतीच, पण सभागृहात तो विषय मांडायला स्वतःचा खासदार लागतो.

मांडणी करणाऱ्याचे उत्तर
विधेयकांचे मोल मला मान्य आहे. एफआरपी (उसाचा केंद्राने ठरवलेला किमान दर) दोन हप्त्यांत देण्याचा २०२२ चा शासन निर्णय त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला, हे तर त्याहून मोठे काम आहे. पण ते संघटनेचे यश झाले, आणि माझा प्रश्न पक्षाचा आहे. २०१९ मध्ये मोर्शीतून निवडून आलेला पक्षाचा एकमेव आमदारही पुढे त्यांच्याजवळ राहिला नाही. चळवळीतून माणसे घडवून ती टिकवता येत नसतील, तर दोष केवळ मोठ्या पक्षांच्या आमिषांवर कसा ढकलायचा?

दुसरा प्रतिसाद
आपण दोघेही २०२४ विसरत आहात. महाविकास आघाडी पाठिंबा द्यायला तयार होती, पण उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशाल चिन्हावर लढण्याची अट होती; शेट्टींनी ती नाकारली आणि ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. माने आणि आघाडीचे उमेदवार सत्यजित पाटील सरूडकर यांच्यातील अंतर तेरा हजारांच्या घरात होते आणि शेट्टींची मते त्याच्या कितीतरी पट होती. चिन्ह घेतले असते तर ते कदाचित खासदार झाले असते, मात्र संसदेत पक्षादेश मातोश्रीचा पाळावा लागला असता. तो नकार मला हटवादी वाटत नाही. त्यांची चूक त्याआधीची आहे: २०१४ मध्ये महायुतीत जाताना ऊसदराविषयी एकही लेखी अट त्यांनी जाहीरपणे घातली असती, तर २०१७ ची फारकत लोकांना रुसवा न वाटता हिशेब वाटली असती.