प्रतिसाद: साइटवर कधी जावं?
घर बांधताना सगळं बिल्डरवर सोडून द्यावं की रोज साइटवर जावं, या प्रश्नावर माझं मत: रोज जाण्यापेक्षा नेमक्या वेळी जा. स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी तर नक्कीच. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक (सळई खालच्या साच्याला टेकू नये म्हणून ठेवलेले छोटे ठोकळे) आहेत का, इंजिनिअरने सळई तपासली का, ते बघा. काँक्रीट पातळ करायला कोणी वरून पाणी ओतत असेल तर तिथेच थांबवा, त्याने ताकद घटते. नंतर किमान ७ दिवस, फ्लाय अ‍ॅशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस, स्लॅब सतत ओला राहायलाच हवा. सगळ्यात जास्त हयगय इथेच होते, आणि ती पुढे डोळ्यांना दिसतही नाही! प्लास्टरआधी भिंतीतल्या पाइप-वायरिंगचे फोटो मोजपट्टी धरून काढा. बदल हवा असेल तर गवंड्याला परस्पर सांगू नका. बिल्डरकडून वाढीव खर्चासकट लिहून घ्या.